लॉर्ड केल्विन आणि निवत जाणारी पृथ्वी

तापमानाचे एकक म्हणून केल्विन हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. त्यामागचा मनुष्य मात्र बहुधा अपरिचितच राहतो.

विल्यम थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. सहाव्या वर्षी मातृछत्र हरपले. गणिताचे अध्यापक असलेल्या वडिलांनीच मुलांना घरी शिकविले. पुढे वडील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि विल्यम यांनी वयाच्या दहाव्या वर्षी तेथेच प्रवेश घेतला. सोळाव्या वर्षी फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेच्या वहनावरील ग्रंथ त्यांच्या हाती आला. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना हीच, असे आम्ही मानतो. बाविसाव्या वर्षी ते ग्लासगोला प्राध्यापक झाले आणि ५३ वर्षे त्या पदावर राहिले. १८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामाबद्दल १८६६ मध्ये त्यांना सर, तर १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन ही पदवी मिळाली. केल्विन हे विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव.

पृथ्वीचे वय किती, या प्रश्नाने त्यांना जन्मभर सोडले नाही. खाणीत खोल उतरावे तसा उष्मा वाढतो. त्यांनी धरलेले प्रमाण सुमारे २७ मीटरला एक अंश सेल्सिअस असे होते. आत उष्ण आणि बाहेर थंड, म्हणजे उष्णता सतत बाहेर जात आहे व पृथ्वी निवत आहे. आरंभी ती वितळलेल्या खडकाइतकी तप्त होती असे धरले, तर आजच्या स्थितीला येण्यास किती काळ लागला हे फूरिएच्या गणिताने काढता येते. १८६२ मध्ये त्यांनी उत्तर दिले: ९ कोटी ८० लाख वर्षे, फार तर २ ते ४० कोटींच्या दरम्यान. उत्क्रांतीसाठी याहून दीर्घ काळ हवा असलेला डार्विन त्यामुळे अस्वस्थ झाला. केल्विन मात्र उत्तरोत्तर अधिकच ठाम होत गेले आणि १८९७ मध्ये त्यांनी मर्यादा २ ते ४ कोटींवर आणली.

परभणी जिल्ह्यात काळ्या मातीखालच्या मुरमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो दख्खनच्या लाव्ह्याचा असून त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. केल्विन यांचा हिशेब खरा मानला, तर आमच्या विहिरींतला दगड पृथ्वीहून जुना ठरतो!

गणित अचूक होते. गृहीतक चुकले होते. पृथ्वी आतून घट्ट, अचल असून तिच्यात उष्णता सर्वत्र एकाच रीतीने वाहते, असे त्यांनी धरले. हा दोष १८९५ मध्ये दाखविला तो त्यांचेच पूर्वीचे साहाय्यक जॉन पेरी यांनी. घट्ट पिठले वरून लवकर निवते, तळाचे तापलेलेच राहते. पातळ आमटीत तळाची ऊब सतत वर येत असते, म्हणून तिचा पृष्ठभाग अधिक वेळ ऊन राहतो. पृथ्वीच्या गर्भातही अशी हालचाल असेल, तर तिचे वय अब्जावधी वर्षे असू शकते, असा पेरींचा युक्तिवाद होता. गुरूविषयी पूर्ण आदर राखून त्यांनी तो मांडला. गुरूंना तो पटला नाही. लोकांनीही पेरींना विसरून सारे श्रेय किरणोत्सर्गाच्या शोधाला दिले, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या क्षयातून गर्भात उष्णता निर्माण होते हे खरे. परंतु केवळ ती मिळवून केल्विन यांचे उत्तर फारसे बदलत नाही. खडक घन असूनही अत्यंत सावकाश वाहतो, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

१९०४ मध्ये लंडनला रदरफोर्ड यांनी किरणोत्सर्ग आणि पृथ्वीचे वय यांवर व्याख्यान दिले, तेव्हा वृद्ध केल्विन श्रोत्यांत बसले होते. आपले मत त्यांनी जाहीरपणे कधीच मागे घेतले नाही. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या समाधीजवळ त्यांना पुरण्यात आले. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांतील शिशावरून सिद्ध केले, ते त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९५६ मध्ये.