मुलांच्या बागेचा माळी

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा डोंगराळ व दाट अरण्यांनी भरलेला प्रदेश आहे. तेथील ओबरवाइसबाख या खेड्यात २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रेडरिक फ्रोबेल याचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. आसपासच्या अनेक खेड्यांचा भार त्यांच्यावर असल्यामुळे घराकडे लक्ष देण्यास त्यांना सवड नसे. फ्रेडरिक अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईने प्रथम त्याला माया लावली. परंतु तिला स्वतःचा मुलगा झाला आणि ती माया आटली. पूर्वी ती त्याला आपलेपणाने तू म्हणत असे. आता एखाद्या तिऱ्हाइताशी बोलावे तसे ती त्याच्याशी बोलू लागली. एवढ्याशा सर्वनामाचा हा घाव त्याच्या मनात इतका खोल गेला, की पुढे प्रौढपणी आत्मवृत्त लिहिताना त्याने तो आवर्जून नोंदवून ठेवला.

घरात खेळगडी नाही, बाहेर हिंडण्याची मोकळीक नाही, अशा स्थितीत हा मुलगा खिडकीशी बसून राही. समोरच चर्च होते आणि त्याची डागडुजी चालली होती. मजूर जड दगडाखाली लाकडी दांडे घालीत, त्यावर भार देत आणि तो प्रचंड धोंडा हळूहळू जागचा हलवीत. फ्रेडरिक हे सारे टक लावून पाही. आपणही तसेच काही बांधावे या ओढीने त्याने घरातील हाताला लागेल ते सामान गोळा केले आणि चर्च उभारण्याचा खटाटोप केला. पण खुर्च्यामेजांचे चर्च कसे होणार? सगळा डोलारा फसला. मुलाला बांधावेसे वाटते, परंतु बांधण्याजोगे साहित्य त्याच्या हाती कोणी देत नाही, ही गोष्ट मात्र तो जन्मभर विसरला नाही.

वडिलांनी त्याला वाचायला शिकविण्याचा प्रयत्न केला. अक्षरे लवकर येईनात, तेव्हा हा मुलगा मंदबुद्धीचा आहे असा निर्णय होऊन त्याला गावातील मुलींच्या शाळेत पाठविण्यात आले. दहाव्या वर्षी मामा त्याला स्टाटइल्म येथे आपल्या घरी घेऊन गेले. तेथील दिवस सुखाचे गेले. पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. तो गृहस्थ आपल्या कामात वाकबगार होता. पण जे स्वतःला येते ते दुसऱ्याला शिकविता येतेच असे नाही. फ्रेडरिक दोन वर्षे बहुतेक एकटाच रानात हिंडला, झाडेझुडपे ओळखू लागला आणि मिळतील ती पुस्तके वाचू लागला. त्यानंतर येना येथील विद्यापीठात तो गेला. तेथे पैशाची ओढाताण होऊन, खाणावळीच्या देण्यापायी त्याला नऊ आठवडे विद्यापीठाच्या कोठडीत काढावे लागले! पुढे काही वर्षे त्याने मोजणीदाराची, लेखनिकाची अशी बारीकसारीक कामे करून पाहिली. कोठेच जीव रमेना.

इ. स. १८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकावे म्हणून तो फ्रँकफर्ट शहरी आला. तेथील एका नमुनेदार शाळेच्या चालकाने त्याला पारखले आणि शिक्षकाची जागा देऊ केली. फ्रोबेल वर्गात उभा राहिला आणि आपले खरे ठिकाण हेच, अशी त्याची खात्री पटली. घरे बांधणे राहिले. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझी हा थोर शिक्षक, नुसत्या घोकंपट्टीऐवजी मुलांना प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवीत असे. फ्रोबेल त्याची शाळा पाहून आला आणि नंतर १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे त्याच्याजवळ जाऊन राहिला. पेस्टालॉझीविषयी त्याला अपार आदर वाटला, पण एक उणीवही जाणवली. मुलांनी वस्तू पाहिली, तिचे वर्णन केले, एवढ्यावर तेथे बरेचसे काम थांबत असे. वस्तू हातात घेऊन तिचे काही करावे, तिच्यापासून दुसरे काही घडवावे, याला फ्रोबेलच्या मते अधिक वाव हवा होता.

इ. स. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो स्वयंसैनिक म्हणून दाखल झाला. त्या छावणीत त्याला लांगेथाल व मिडेनडॉर्फ हे दोन तरुण मित्र लाभले आणि त्यांनी पुढे त्याला कधी अंतर दिले नाही. युद्धानंतर बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात त्याला काम मिळाले. वेगवेगळ्या स्फटिकांची वर्गवारी करता करता, निर्जीव दगडसुद्धा ठराविक नियमाने आकार धारण करतो, हे पाहून तो थक्क होई. गोल, घन आणि कोन यांचे हे वेड पुढे मुलांच्या खेळण्यांत उतरले.

संग्रहालयातील बरी नोकरी सोडून त्याने १८१६ साली शाळा काढली. त्याचा भाऊ क्रिस्टोफ साथीच्या तापाने वारला होता. त्याचे तीन आणि दुसऱ्या भावाचे दोन असे पाच पुतणे हेच पहिले विद्यार्थी. दुसऱ्या वर्षी शाळा काइलहाऊ या खेड्यात आली. मुले पुस्तके वाचीत, तशीच बागेत खपत, ओढ्याला बांध घालीत आणि लाकडाच्या व पुठ्ठ्याच्या वस्तू करीत. विद्यार्थ्यांची संख्या साठापर्यंत गेली. परंतु या शाळेत बंडखोर विचार शिकविले जातात, असा संशय पसरला आणि लोकांनी मुले काढून घेतली. इ. स. १८२९ मध्ये शाळेत पाचच विद्यार्थी उरले होते.

नंतर काही वर्षे फ्रोबेल स्वित्झर्लंडमध्ये होता. तेथे बुर्गडॉर्फ गावच्या अनाथालयात त्याने अगदी लहान मुले जवळून पाहिली. शाळेत येईपर्यंतची मुलाची पाच-सहा वर्षे कोणी हिशेबातच धरीत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. मूल तेव्हा खेळते, म्हणजे वेळ दवडते, अशी सर्वांची समजूत. फ्रोबेलला वाटले, की खेळ हेच त्या वयाचे काम आहे. फक्त त्या कामाला साजेसे साहित्य त्याला कोणी दिलेले नाही. खिडकीशी बसणाऱ्या त्या मुलाची त्याला आठवण झाली. इ. स. १८३७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ब्लांकेनबुर्ग या गावी येऊन त्याने असे साहित्य तयार करण्यास प्रारंभ केला.

या साहित्याला तो देणग्या म्हणे. पहिली देणगी सहा रंगांच्या सहा लोकरी चेंडूंची. तान्ह्या मुलालाही ते धरता येतात. दोरीला बांधून झुलविता येतात. दुसऱ्या देणगीत लाकडी गोल, घन व दंडगोल. घनाच्या एका बाजूच्या मध्यावर दोरी बांधून त्याला गरगर फिरविले, की त्याचे कोपरे दिसेनासे होतात आणि हवेत दंडगोल दिसू लागतो. तुम्ही स्वतः करून पाहा. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. तो पेटीत असे. पेटी उपडी करून झाकण हळूच ओढावयाचे आणि पेटी उचलावयाची, म्हणजे प्रथम अखंड घन समोर उभा राही. मग मुलाने त्याचे खुशाल तुकडे करावे, खुर्ची करावी, जिना करावा, नक्षी मांडावी. पण खेळ संपल्यावर आठही तुकडे जुळवून पुन्हा पेटीत ठेवावे. खेळणे मोडून आत काय आहे ते पाहण्याची मुलांची खोड सर्वांना ठाऊक आहे. त्याबद्दल मुलाला मार बसतो. फ्रोबेलने मोडावयाचे व जोडावयाचे खेळणेच मुलाच्या हाती दिले!

पुढच्या पेट्यांत विटांसारखे ठोकळे व तिरपे कापलेले तुकडे असत. ठोकळ्यांवर हात बसला, की अवजारांची पाळी येई. लाकडी मूठ बसविलेल्या सुईने कागदावर भोके पाडावयाची; मग त्याच भोकांतून रंगीत लोकर ओवून चित्र शिवावयाचे. घडी घातलेला कागद बोथट टोकाच्या कात्रीने कातरून उलगडावा, तर चांदणी निघते. चिरा पाडलेल्या रंगीत कागदातून दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एक खाली एक वर अशा घालीत गेले, म्हणजे चटई विणली जाते. ज्याने अशी वीतभर कागदी चटई विणली, त्याला विणकराचा ताणा आणि बाणा वेगळा समजवावा लागत नाही. चिकणमातीला लाकडी सुरीने आकार देण्याचे कामही असे. वाटाण्यांचे काम तर फार मौजेचे. वाटाणे रात्रभर भिजत घालावयाचे, त्यांत टोकदार बारीक काड्या खोचून मेज, घर, मनोरा असे सांगाडे उभे करावयाचे. वाटाणे वाळून आकसले, की काड्या घट्ट धरून ठेवतात. सुताराचा सांधा पक्का का असावा लागतो, हे चार वर्षांच्या मुलाला यातून कळे.

कारागिरांविषयी मुलांना आपुलकी वाटावी अशीही त्याची इच्छा होती. इ. स. १८४४ मध्ये त्याने आयांसाठी चित्रांचे व गाण्यांचे एक पुस्तक काढले. त्यात सुतार, चाके करणारा, भट्टीवाला, गवत कापणारा, कोळसे पाडणारा यांच्या कामाच्या नकला बोटांनी व हातांनी करावयाच्या आहेत. मूल हाताने रंधा मारल्यासारखे करते, आणि मग सुताराच्या दुकानावरून जाताना ते थबकते. त्याच्या ओळखीचे काम तेथे चाललेले असते.

या संस्थेला नाव मात्र सुचत नव्हते. एके दिवशी काइलहाऊहून ब्लांकेनबुर्गला डोंगरवाटेने मित्रांबरोबर येत असता, खालच्या खोऱ्याकडे पाहता पाहता, त्याला ते एकाएकी सुचले आणि आनंदाने त्याने ते मोठ्याने उच्चारले. ते नाव किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. २८ जून १८४० रोजी तशी संस्था रीतसर स्थापन झाली. ही बाग केवळ नावाची नव्हती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक लहान वाफा असे. त्यात खणावे, पेरावे, पाणी घालावे. या वाफ्यांच्या भोवती सर्वांचा मिळून सामाईक वाफा असे. स्वतःचे रोप मुलाने विसरावे, तर ते सुके. सामाईक वाफ्याची हयगय झाली, तर सर्वांचे नुकसान होई.

मोठ्या माणसांना हे सारे पोरकट वाटले. लीबेनश्टाइन गावी हा साठी उलटलेला गृहस्थ खेड्यातील मुलांबरोबर फेर धरून नाचे, तेव्हा लोक त्याला म्हातारा खुळा म्हणत. इ. स. १८४९ मध्ये बेर्था फॉन मारेनहोल्त्स या सरदार घराण्यातील बाईने हे ऐकले आणि स्वतः जाऊन पाहिले. ती त्याची अनुयायी झाली. फ्रोबेलचे लेखन अतिशय दुर्बोध असे. त्याचा आशय जगाला सांगण्याचे काम पुष्कळसे तिनेच केले. लहान मुलांच्या शिक्षिका म्हणून तरुण स्त्रियांना तयार करण्याचे कार्यही तो शेवटपर्यंत करीत होता. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

आणि मग अकल्पित आघात झाला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या शिक्षणमंत्र्याने किंडरगार्टनवर बंदी घातली. या संस्था मुलांना नास्तिक व समाजवादी बनवितात, असा आरोप होता. त्याच्या मुळाशी एक घोटाळा होता. कार्ल फ्रोबेल या पुतण्याने स्त्रीशिक्षणाविषयी एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यातील मते काकाची समजण्यात आली. हा कार्ल म्हणजे पूर्वीच्या त्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक! फ्रोबेलने खुलासा केला, अर्ज केले. पण सरकारने बंदी उठविली नाही. चेंडू, कात्री आणि वाटाणे यांना एका बलाढ्य राज्याने भ्यावे, याचे आज हसू येते. त्याला ते हसण्यासारखे नव्हते. २१ जून १८५२ रोजी मारिएन्थाल येथे त्याने देह ठेवला, तेव्हा बंदी कायम होती. जवळच श्वाइना येथे त्याची समाधी आहे. तिच्यावर घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल असे तीन दगड उभे आहेत.

बंदी उठण्यास १८६० साल उजाडावे लागले. तोवर बेर्थाबाई देशोदेशी हिंडून व्याख्याने देत होती आणि जर्मनीत मिटलेले हे दार इंग्लंड-अमेरिकेत उघडले होते. प्रसाराबरोबर दोषही आले. पुष्कळ शिक्षकांनी देणग्यांची कवायत केली; सर्व मुलांनी एकाच वेळी एकच ठोकळा उचलावा, अशी शिस्त लावली. कागदाला बारीक भोके पाडण्याच्या कामाने कोवळ्या डोळ्यांना ताण पडतो, अशीही टीका झाली आणि ते काम बहुतेक ठिकाणी सोडून देण्यात आले. ते योग्यच झाले.

इ. स. १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे एका बाईने फ्रोबेलचे ठोकळे पाहिले आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी ते आणविले. तो मुलगा पुढे फ्रँक लॉइड राइट या नावाने जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ झाला. त्या लाकडी ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत अजून आहे, असे तो वृद्धपणीही सांगत असे.

त्याच फिलाडेल्फियात १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई तेथे गेल्या होत्या. अमेरिकेत त्यांनी किंडरगार्टनच्या शाळा पाहिल्या आणि ती पद्धती स्वतः विद्यार्थिनी होऊन शिकून घेतली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. समाजाने ज्यांना घराच्या कोपऱ्यात बसविले होते, अशा विधवा मुली तेथे येऊ लागल्या आणि किंडरगार्टनचे साहित्य त्यांच्या हाती आले.