नटसम्राट बालगंधर्व : मिळालेले मानसन्मान आणि त्यामागचं मोल

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली की आपण शेवटी पुरस्कारांची यादी देतो. वर्ष लिहायचं, पुरस्काराचं नाव लिहायचं, झालं! आज मात्र आपण एका कलावंताचे मानसन्मान जरा वेगळ्या पद्धतीने पाहू. प्रत्येक सन्मान मिळाला तेव्हा तो माणूस कोणत्या अवस्थेत होता, हेही सोबत वाचू. मग बघा, यादी कशी बोलू लागते.

हे कलावंत म्हणजे नटसम्राट बालगंधर्व. त्यांचे मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888. त्यांचं गाव आपल्या सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं नागठाणे. सातारा तालुक्यातही एक नागठाणे आहे, त्यामुळे बऱ्याच मुलांचा गोंधळ होतो. उत्तरपत्रिकेत तालुका लिहायला विसरू नका.

पहिला सन्मान त्यांना अगदी लहानपणी मिळाला. पुण्यात छोट्या नारायणाचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटलं. या सन्मानात ना पदक होतं, ना प्रमाणपत्र, ना पैसे. फक्त एक नाव! पण ते नाव असं चिकटलं की नारायण राजहंस हे खरं नाव लोक विसरूनच गेले. मित्रांनो, असं मोठं नाव लहान वयात मिळणं सोपं असतं का? ते पुढे आयुष्यभर सांभाळावं लागतं.

1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांचाही त्यांना आधार मिळाला. त्या काळी स्त्रिया व्यावसायिक मराठी नाटकात फारशा काम करत नसत, त्यामुळे स्त्रीभूमिका पुरुषच करत. बालगंधर्वांनी शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा भूमिका इतक्या जिवंत केल्या की घरोघरच्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, त्यांच्यासारखे दागिने घालू लागल्या. विचार करा, बायकांनी एका पुरुषाकडे बघून नेसायला शिकावं! ही लोकांनी दिलेली पावती होती.

पण या पावतीची किंमतही मोठी होती. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तिकिटं विकली गेली होती, लोक जमले होते. त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. दुःख पोटात घालून ते भामिनी म्हणून उभे राहिले, गायले. हे बरोबर की चूक, यावर घरी आईवडिलांशी जरूर बोला. मला स्वतःला अजून याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही.

1913 साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 चे 'स्वयंवर', 1919 चे 'एकच प्याला' ही नाटके खूप गाजली. रंगमंचावर खरे शालू, खरं अत्तर, भारी पडदे. प्रेक्षकांना उत्तम तेच द्यायचं, हा त्यांचा हट्ट होता. पण हिशोबाकडे लक्ष नव्हतं, त्यामुळे डोक्यावर लाखाच्या वर कर्ज झालं. हात वर न करता त्यांनी गावोगाव प्रयोग करून ते फेडलं. सन्मानाच्या यादीत ही गोष्ट कुणी लिहीत नाही, पण माझ्या मते ती लिहायलाच हवी.

याच काळात 8 जुलै 1921 रोजी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी! एकमेकांच्या तोडीचे दोन नट पहिल्यांदाच एकत्र आले, आणि प्रयोगाचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. ज्या टिळकांनी नाव दिलं, त्यांच्या नावाच्या निधीसाठी बालगंधर्व गायले. तेव्हा टिळकांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

पुढे बोलपट आले. नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, पण त्यांचा जीव रंगभूमीवरच रमायचा. उतारवयात पाय अधू झाले आणि उभं राहणंही अवघड झालं.

आणि आता बघा, मोठे पुरस्कार कधी आले ते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1955 साली, म्हणजे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. सांगलीत 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनी जे विष्णुदास भावे गौरव पदक देतात, त्याचा पहिला मान त्यांनाच मिळाला. 1964 साली पद्मभूषण मिळालं, तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. जे हात रंगमंचावर नाजूकपणे पदर सावरायचे, ते हात पदक घेताना थकलेले होते.

1962 साली पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची पायाभरणी झाली. ती खुद्द त्यांच्याच हस्ते झाली. रंगमंदिर मात्र 26 जून 1968 रोजी, त्यांच्या वाढदिवसाच्या तारखेला सुरू झालं. ते पाहायला बालगंधर्व नव्हते. 15 जुलै 1967 रोजी त्यांचं निधन झालं होतं. 1988 साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. आपल्या मिरजेतलं नाट्यगृहही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

मित्रांनो, या यादीतून एक गोष्ट लक्षात घ्या. लोकांनी त्यांना तरुणपणीच डोक्यावर घेतलं, सरकारी सन्मान यायला उशीर झाला. म्हणून कुणी चांगलं काम केलं तर कौतुक उद्यावर टाकू नका. टिळकांनी एका लहान मुलाचं कौतुक तिथल्या तिथे केलं, आणि त्या एका शब्दाने केवढा माणूस उभा राहिला!

उपक्रम : तुमच्या गावात जुने भजनी, शाहीर, सोंगाड्या किंवा हलगीवादक नक्की असतील. या रविवारी त्यांना भेटा, त्यांची कला ऐका आणि दहा ओळी वहीत लिहून आणा. सोमवारी वर्गात वाचू.