टॉवर ऑफ हनोईवाले मास्तर

मित्रांनो, ‘टॉवर ऑफ हनोई’चा प्रोग्रॅम आपण सगळ्यांनीच लिहिलाय. रिकर्शन डोक्यात शिरो न शिरो, जर्नलमध्ये तो उतरतोच! पण हे कोडं काढलं कोणी, हे व्हायव्हात कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो.

त्यांचं नाव एदुआर ल्युका. जन्म १८४२ सालचा, फ्रान्समधल्या आमियां गावचा. पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी केली, १८७० च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी होते आणि पुढे आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. विद्यापीठातली प्राध्यापकी काही त्यांच्या वाट्याला आली नाही.

पण या शाळामास्तरांनी १८७६ मध्ये जे केलं ते वाचून मी थक्क झालो. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला की येते १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. मोजा, ३९ अंक आहेत! ही मूळ संख्या आहे असं मर्सेन या धर्मगुरूंनी १६४४ मध्येच म्हटलं होतं, पण सिद्धता नव्हती. एकेका संख्येने भागत बसलो तर सात जन्म पुरणार नाहीत. ल्युकांनी भागायचंच टाळलं!

त्यांची युक्ती लेहमर यांनी १९३० मध्ये आणखी सोपी केली. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. मी ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ साठी, वहीत करून पाहिलं: १४, मग ८, मग ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे तीन फेऱ्यांनी शून्य आलं की संख्या मूळ. शून्य नाही आलं, तर नाही. ल्युकांनी त्या ३९ अंकी संख्येसाठी असली आकडेमोड हाताने केली, आणि ७५ वर्षं तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली.

मर्सेनच्या यादीत ६७ हा घातांकही होता. तो चुकीचा आहे हे ल्युकांनी दाखवलं, तेही त्या संख्येचा एकही अवयव न सांगता! अवयव मिळाले १९०३ मध्ये, अमेरिकेच्या कोल यांना.

हनोईचं कोडं त्यांनी १८८३ मध्ये टोपणनावाने विकायला काढलं. गंमत बघा, ७ चकत्यांना १२७ चाली लागतात. आणि १२७ चकत्या घेतल्या तर लागणाऱ्या चाली म्हणजे तीच ३९ अंकी संख्या!

१८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून पडलेल्या बशीचा तुकडा उडून त्यांच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि काही दिवसांत ल्युका गेले. वय अवघं ४९. पेनिसिलिन यायला अजून बराच अवकाश होता.

२०२४ मध्ये चार कोटींहून जास्त अंकांची मूळ संख्या सापडली. ती पक्की करायला संगणकांनी वापरली ती याच मास्तरांची, वर्ग करून दोन वजा करायची रीत.