देवास दरबारचा इंग्रज चिटणीस

पावसाळ्यातली रविवारची संध्याकाळ. बाहेर झड लागलेली, ओव्हनमध्ये घरची नानकटाई, हातात चहा आणि टीव्हीवर कुठलीतरी ब्रिटिश मालिका. जुनी घरे, बागा, फायरप्लेस आणि सावकाश बोलणारी माणसे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हे सुख आता शिरले आहे. नानकटाईचे पीठ डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नेऊन देणारी पिढी आमच्या डोळ्यांसमोरची. आता मुली मोबाईलवर पाहून केक करतात आणि बीबीसीचे चार भाग एका बैठकीत संपवतात. अशाच एका संध्याकाळी आमच्या घरी ‘हॉवर्ड्स एंड’ चालली होती. या कादंबरीचा लेखक देवासला आपल्या महाराजांच्या पदरी नोकरीला होता, असे आम्ही सांगितले, तर कोणाला खरे वाटेना. उत्सवाच्या निमित्ताने त्याची कथा येथे मांडतो. धारकर मंडळींनी रुसू नये. देवासचे पवार त्यांचेच भाऊबंद आहेत.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडनमध्ये झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील क्षयाने गेले. आई लिली, आज्या, मावश्या आणि आत्या अशा बायकांच्या घोळक्यात हा एकुलता मुलगा वाढला. स्टीव्हनेजजवळ रुक्सनेस्ट नावाच्या घरात त्यांचे बालपण गेले. चौदाव्या वर्षी ते घर सुटले, पण मनातून गेले नाही. ‘हॉवर्ड्स एंड’मधले घर म्हणजे हेच रुक्सनेस्ट. वडिलांच्या मावशीने मृत्यूपत्राने आठ हजार पौंड मागे ठेवले होते. त्यामुळे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून बाहेर पडल्यावर पोटासाठी धावावे लागले नाही. आई, घर, चहा, पियानो आणि पुस्तके असे ते आयुष्य होते. १९०५ ते १९१० या काळात चार कादंबऱ्या आल्या आणि नाव झाले. मग मात्र लेखणी अडली. ज्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांविषयी लिहिले, त्यांचाच कंटाळा आला असावा.

हिंदुस्थानची ओढ लागली ती मैत्रीतून. सर सय्यद अहमद खान यांचे नातू रॉस मसूद इंग्लंडात शिकत असताना फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवत. दुसरे स्नेही माल्कम डार्लिंग. हे सनदी अधिकारी देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांचे शिक्षक होते. १९१२ च्या शेवटी फॉर्स्टर हिंदुस्थानात आले आणि डार्लिंग यांच्याबरोबर नाताळात देवासला पोचले. महाराज त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होते. विनोदी, भाविक, हसता हसता गंभीर होणारे. दोघांचे लगेच जमले. पाहुण्याला हिंदुस्थानी पोशाख चढवून राजवाड्यात पंगतीला बसवले. पानात काय काय वाढले होते, याची तपशीलवार हकीकत त्यांनी आईला कळवली. चमच्यावाचून जेवणाऱ्या गोऱ्या माणसाची फजिती आणि वर आग्रह, हे चित्र आपल्याला रंगवून सांगायला नको.

पहिले महायुद्ध त्यांनी अलेक्झांड्रियात रेडक्रॉसच्या कामात काढले. १९२१ साली महाराजांचे बोलावणे आले. खाजगी चिटणीस रजेवर जात होते, त्यांच्या जागी यावे. बेचाळीस वर्षांचा हा लेखक आईला घरी ठेवून, अर्धवट कादंबरीचे कागद पेटीत घालून निघाला. देवासला आल्यावर त्यांच्याकडे जी खाती आली ती अशी: बागा, टेनिस कोर्ट, मोटारी, गेस्ट हाऊस आणि वीजघर. लिहिण्यावाचण्याशी यातल्या एकाचाही फारसा संबंध नाही. आम्ही सरकारी नोकर असल्याने याचे आम्हांला विशेष नवल वाटले नाही.

गावाबाहेर नवा राजवाडा उठत होता आणि पुरा होत नव्हता. एका खोलीत त्यांना नवेकोरे पियानो सापडले, एक हार्मोनियमही. आमच्या माळव्याच्या कोरड्या हवेने सगळ्यांच्या चौकटी तडकलेल्या, पट्ट्या अडकलेल्या. ज्याच्या घरी आयुष्यभर पियानो वाजला, त्याला ही खोली पाहून काय वाटले असेल! पैसा कुठे जातो, याचा हिशेब लागेना. हा माणूस हिशेबाचा नव्हेच. त्याने तक्रारी केल्या, थोडी शिस्त लावली आणि बाकी हसण्यावारी नेले.

श्रावणात गोकुळाष्टमी आली. जुन्या राजवाड्यातला तो उत्सव आठ दिवस चाले. फॉर्स्टर अनवाणी त्यात वावरले. एकाच वेळी चारी बाजूंनी वाद्ये, गर्दी, उकाडा, गुलाबाच्या पाकळ्यांचा चिखल, आणि देवापुढे देहभान विसरून भजन म्हणणारे, नाचणारे महाराज. नेटकेपणाची सवय असलेल्या त्या माणसाला हा गोंधळ खटकला. त्यांनी तो लपवलाही नाही. तरीही आपला मित्र देवापुढे उभा असताना त्याला जे मिळते ते खरे आहे, हे त्यांना उमगले. शेवटच्या दिवशी मातीचे गोकुळ तळ्यात विसर्जन झाले. पुढे दसऱ्याला दप्तराची पूजा झाली तेव्हा दौत, लेखणी आणि कागद यांपुढे चिटणीस म्हणून हेच हात जोडून बसले. ज्यांच्या ऑफिसात अजून दसऱ्याला फायलींना हार पडतो, त्यांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे.

आणखी एक गोष्ट आहे. उत्सवाच्या स्मरणिकेत ती लिहावी की नाही, यावर आमच्यात चर्चा झाली. शेवटी लिहायचे ठरले. फॉर्स्टर यांना ओढ होती ती पुरुषांची. त्या काळी इंग्लंडात हा गुन्हा होता. या विषयावरची त्यांची ‘मॉरिस’ ही कादंबरी ते गेल्यावर, १९७१ साली छापली गेली. देवासात ही गोष्ट उघडी पडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन महाराजांना सांगितले. हाकलून देतील अशी भीती होती. महाराजांनी ना उपदेश केला ना तिरस्कार. मित्राला सांभाळून घेतले. पुढे महाराजांविषयी साऱ्या जगाचे मत फिरले तरी फॉर्स्टर का बदलले नाहीत, हे समजायला एवढे पुरे आहे.

सहासात महिन्यांनी ते हैदराबादला मसूदकडे गेले आणि १९२२ च्या आरंभी मायदेशी परतले. पेटीतली कादंबरी देवासात एक पाऊलही पुढे गेली नव्हती. ती घरी जाऊन, आईच्या शेजारी बसून पुरी झाली: ‘अ पॅसेज टू इंडिया’, १९२४. तिच्या तिसऱ्या भागातले संस्थान आणि तिथली गोकुळाष्टमी ही आपल्या गावची. त्यातले भजन तुकारामांच्या नावाचे आहे आणि तल्लीन होणारे प्राध्यापक आहेत गोडबोले. देवासला आले नसते तर इंग्रजी वाङ्मयाला हा गोडबोले कुठून मिळाला असता!

इकडे महाराजांचे दिवस फिरले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या ही त्यांची राणी, पण तो संसार मोडलाच होता. १९२७ साली युवराज विक्रमसिंह वडिलांवर विषप्रयोगाचा संशय घेऊन ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आश्रयाला गेले. कर्ज वाढत गेले, सरकारने चौकशीचा फास आवळला. महाराजांनी फ्रेंचांचे पाँडिचेरी गाठले आणि १९३७ च्या डिसेंबरात तिथेच डोळे मिटले. उधळ्या, नादान राजा अशी नोंद सरकारदप्तरी राहिली. ती सगळी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तडकलेल्या पियानोंचे पैसे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातूनच आले होते, आणि फॉर्स्टर यांची नजर त्या शेतांपर्यंत फारशी गेली नाही. पण दप्तरात माणूस मावत नाही, हेही आम्ही रोज पाहतो.

फॉर्स्टर यांनी पुन्हा कादंबरी लिहिली नाही. ते बीबीसीवर पुस्तकांविषयी बोलत. दुसऱ्या महायुद्धात खास हिंदुस्थानी श्रोत्यांसाठी त्यांची भाषणे होत. १९४५ साली आई गेली, त्याच वर्षी ते लेखकांच्या परिषदेसाठी जयपूरला येऊन गेले. परतल्यावर वडिलांनी बांधलेले घर सोडावे लागले आणि किंग्ज कॉलेजने त्यांना राहायला खोल्या दिल्या. ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली. आईने जपून ठेवलेली देवासची पत्रे त्यांच्याजवळ होती. १९५३ साली त्यांनी ती निवडून, मधली हकीकत जोडून छापली. पुस्तकाचे नाव आपल्या टेकरीचे: ‘द हिल ऑफ देवी’. त्यात महाराजांना ते बापूसाहेब म्हणतात. चुका झाकत नाहीत, कर्ज, वाडा, बेहिशेबीपणा सगळे येते. पण वकिलाने न घेतलेले वकीलपत्र ते घेतात, तेही सोळा वर्षांपूर्वी मेलेल्या आणि कोणाच्याही उपयोगाच्या न उरलेल्या मित्राचे.

७ जून १९७० रोजी कॉव्हेंट्रीत, स्नेह्यांच्या घरी त्यांचे निधन झाले. ‘पॅसेज’चा सिनेमा होऊ द्यायला त्यांचा विरोध असे. बीबीसीने मात्र १९६५ साली ती दूरदर्शनवर आणली, दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. डेव्हिड लीन यांचा चित्रपट १९८४ चा. त्यात गोडबोले झाले आहेत अ‍ॅलेक गिनेस. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ते गोडबोले काही पटले नाहीत. गिनेस यांचा नाच चित्रित झाला होता, पण तो कापला गेला आणि गोकुळाष्टमीही जवळजवळ गेलीच. जुन्या राजवाड्यातली ती रात्र पाहायची असेल तर टीव्ही बंद करून पुस्तकच उघडावे लागते. आमच्याकडे ‘द हिल ऑफ देवी’ची एक प्रत आहे. पाने पिवळी झाली आहेत. कोणाला हवी असल्यास मंडळात सांगावे, पण परत आणून द्यावी.