तुटत्या ताऱ्यावर रेडिओ

डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री उलव्यात गच्चीवर जाणार असाल, तर विमानतळाच्या उजेडाकडे पाठ करून बसा. मिथुन राशीकडून उल्का येताना दिसतील. रेघ क्षणात विझते, पण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर तिच्या वाटेत विद्युतभारित कणांचा पट्टा उरतो. तोही बहुधा सेकंदभरच टिकतो. तेवढ्यात त्यावर रेडिओलहर आपटली, तर ती पार दीड-दोन हजार किलोमीटरवर उतरते!

उल्का आणि वरच्या हवेचं हे नातं आपल्या देशात फार लवकर तपासलं ते शिशिरकुमार मित्र यांनी. जन्म १८९०, बंगालमधलं कोन्नगर. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले. आई डॉक्टरकी शिकलेली. भागलपूरच्या इस्पितळातल्या तिच्या नोकरीवर घर चाललं. विचार करा, त्या काळात!

पॅरिसला जाऊन १९२३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, ती प्रकाशावर. त्याच वाटेने पुढे गेले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण नान्सीला रेडिओच्या व्हॉल्व्हचं काम पाहिलं आणि गड्याने विषयच बदलला. कलकत्ता विद्यापीठात परतून बिनतारीचा अभ्यासक्रम उभा केला, प्रयोगशाळा थाटली, विद्यार्थी तयार केले.

नोव्हेंबर १९३३ मध्ये सिंह राशीचा उल्कावर्षाव होता. मित्र आणि त्यांचे सहकारी आकाशाकडे बघत नव्हते, रेडिओचे प्रतिध्वनी मोजत होते. वर्षावाच्या वेळी आयनांबराच्या 'ई' थरात विद्युतभार वाढलेला आढळला. १९३४ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. उल्कांच्या रेघेवरून मुद्दाम निरोप पाठवायची यंत्रणा कॅनडात उभी राहिली ती १९५०च्या दशकात.

आता हे गणित कॉम्प्युटरवर मांडतात. कॅरम आठवा. सोंगटी कडेवर ज्या कोनात लागते, त्याच कोनात सुटते. उल्केच्या रेघेचंही साधारण तसंच, म्हणून बहुतेक रेघा फुकट जातात. प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणं, अँटेना आणि लहरीची वारंवारता द्यायची आणि हजारो काल्पनिक उल्का सोडायच्या. तासाला किती कामाच्या, निरोपाला किती थांबावं लागेल, ते कळतं. उलवे ते कोलकाता सरळ रेषेत साधारण साडेसोळाशे किलोमीटर, म्हणजे आवाक्यात आहे. करून बघा की!

मित्रांचा 'द अपर ॲटमॉस्फिअर' हा ग्रंथ एशियाटिक सोसायटीने १९४७ मध्ये काढला. पुढे तो रशियनमध्येही गेला. १९५८ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९६२ मध्ये पद्मभूषण. १३ ऑगस्ट १९६३ला ते गेले. चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर त्यांच्या नावाचं विवर आहे. आणि वरच्या हवेचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था तुमच्या शेजारी, नवीन पनवेलला.

हो, अलार्म पहाटेचा लावा. पृथ्वीची तेव्हाची बाजू पुढे धावणारी असते, म्हणून साध्या रात्रीही उल्का पहाटेच जास्त सापडतात.