रस्त्याकडेच्या द्राक्षवेली

ज्यांचे नातलग नाशिककडे द्राक्षबागाईतदार आहेत, त्यांनी मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी वेलींवर फवारताना पाहिले असेल. हेच बोर्डो मिश्रण. ते जगाला देणाऱ्या पिएर मारी अलेक्सी मियार्दे यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

मियार्दे यांचा जन्म १८३८ साली फ्रान्समधील ज्युरा भागात झाला. जर्मनीत हायडेलबर्ग व फ्रायबर्ग येथे ते शिकले. पुढे स्ट्रासबर्ग आणि नान्सी येथे अध्यापन करून १८७६ मध्ये ते बोर्दो येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तो काळ तेथील बागाईतदारांना फार कठीण होता. फायलोक्झेरा ही कीड वेलींची मुळे पोखरत होती. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकन खुंटांवर कलमे बांधण्याचे काम मियार्दे यांनी केले. तोच १८७८ मध्ये केवडा हा बुरशीजन्य रोग फ्रान्समध्ये शिरला. पाने गळू लागली, घड पिकेनात, कुटुंबेच्या कुटुंबे हवालदिल झाली.

ऑक्टोबर १८८२ मध्ये मियार्दे मेदोक भागातील सें-ज्युलियाँ येथून जात होते. आतल्या वेली उघड्याबोडक्या, पण रस्त्याकडेच्या वेलींवर पाने शाबूत! त्या पानांवर निळसर थर होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मोरचूद व चुना शिंपडला होता, असे चौकशीत कळले. ती पाने इतरांनीही पाहिली असतील. कारण शोधायला थांबले ते मियार्दे.

रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ आणि दोझाकच्या बागेचे व्यवस्थापक अर्नेस्त दाव्हिद यांच्या साथीने त्यांनी प्रयोग केले व १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. तांबे बुरशीचे बीजाणू रुजू देत नाही, म्हणून फवारणी रोग लागण्यापूर्वी करावी लागते. पुढे पीचची पाने मुरडणाऱ्या रोगावरही हेच मिश्रण उपयोगी ठरले. तेथे तर कळ्या फुगण्यापूर्वीच फवारावे लागते; पाने मुरडल्यावर फवारून त्या हंगामात उपयोग होत नाही.

१९०२ च्या डिसेंबरात बोर्दो येथे मियार्दे यांचे निधन झाले. वारंवार फवारल्यास तांबे जमिनीत साठते, म्हणून आज ते बेताने वापरतात. पण मिश्रण टिकून आहे.

पालकांना आमची एकच विनंती आहे. शाळेच्या वाटेवर मूल एखाद्या झाडापाशी थांबले, तर उशीर होतो म्हणून लगेच हात ओढू नका. काय पाहिले, एवढे जरूर विचारा.