नाणेघाटातला 'फॅमिली फोटो' : चेहरा हरवलेली राणी नागनिका

जुना ग्रुप फोटो हातात आला की नजर आधी चेहऱ्यांवर जाते. ही पणजी, ते तिचे वडील, आत्याचं नाक कुठून आलं ते आत्ता कळलं. पण त्या फोटोतले सगळे चेहरे पुसले गेले आणि नुसती नावं उरली तर?

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटात नेमकं हेच झालंय. कोकणातून घाट चढून आलं की एक लेणं लागतं. त्याच्या मागच्या भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन घराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती कोरल्या होत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव. थोडक्यात, दगडातला फॅमिली फोटो.

पहिला राजा सिमुक. शेजारी राणी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी. या जोडप्याची नावं एकाच ओळीत आहेत आणि त्यात आधी राणीचं नाव येतं! पुढे राजकुमार आणि त्यांच्यात महारठी त्रणकयिर. हे नागनिकेचे वडील मानले जातात. म्हणजे सासरच्या फोटोत माहेरचा माणूस. हा फोटो कुणाच्या सांगण्यावरून काढला असेल, याचा अंदाज इथेच येतो.

बाजूच्या भिंतींवर एक लांबलचक प्राकृत लेख आहे. तो नागनिकेचाच मानला जातो, आणि तिच्याबद्दल जे कळतं ते मुख्यतः त्यातूनच. नवऱ्यासोबत तिने मोठमोठे यज्ञ केले. त्यात दोन अश्वमेध आणि एक राजसूय. दक्षिणा म्हणून हजारो गायी, शिवाय घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी दिली. हे आकडे लेखात चक्क अंकांत कोरलेत. भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

मग सातकर्णी गेला. त्यानंतर महिना महिना उपवास करणारी, घरात राहूनही तपस्विनीसारखी जगणारी आई लेखात दिसते. मुलं लहान होती म्हणून राज्यकारभारही तिनेच पाहिला, असं बरेच अभ्यासक मानतात.

१८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याची नोंद केली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या लेखांचा आणि मूर्तींचा अभ्यास केला. तोवर भारतात कॅमेरा आला होता, पण मूर्ती भग्न झाल्या होत्या. त्यामुळे नागनिकेचं कुठलंही चित्र फॉरवर्ड होऊन आलं, तर त्यातला चेहरा चित्रकाराच्या मनातला आहे हे पक्कं समजा.

पावसाळ्यात नाणेघाटात गेलात तर तो दगडी रांजण बघून परत फिरू नका. लेण्यात शिरा आणि मागच्या भिंतीच्या तळाशी नीट बघा. तिथे पावलांच्या खुणा आहेत. सिमुकाच्या शेजारीच ती उभी होती.